भावाची 'वाढवून दिलेली' गोळी दोन वर्षांची झाली. लांबचं कोण बघतं?

एकाआड_एक_नळ | मंगळवार, रात्री 11.20

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, आज लिहायला बसले. आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरात राहतो. धाकटा भाऊ 31 वर्षांचा. त्याला ओसीडी आहे, आमच्या आजीच्या भाषेत मंत्रचळ. कॉलेजात असल्यापासून. हात धुणं त्या मानानं कमी, तपासणं फार. गॅसचा कॉक, कुलूप, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्कूटरचा धक्का कुणाला लागला तर नाही ना, हे बघायला परत मागे जाणं. पलासियाहून घरी यायला कधी कधी दोन तास.

(अवांतर: देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात राहतो म्हटल्यावर नातेवाईक हमखास विनोद करतात, 'मग तुमच्याकडे सगळेच ओसीडीवाले की'. हसून घेते. दुसरं काय करणार.)

आधी फ्लुओक्सेटिन 60 पर्यंत नेलं, मग सर्ट्रालिन 200. दोन्ही तीन-तीन महिन्यांपेक्षा जास्त. डॉक्टर जी येल-ब्राऊन प्रश्नावली भरून घेतात, त्यात 40 पैकी 30 होते, ते 26 वर येऊन अडले. मग दोन वर्षांपूर्वी सर्ट्रालिन तसंच ठेवून वरून रिस्पेरिडोन दिलं, आधी 1 मिलिग्रॅम, मग 2. आकडा 18 वर आला. खरं सांगते, त्या दिवशी आईनं गणपतीला पेढे ठेवले.

आता प्रश्न. वजन 68 होतं, 79 झालंय. दोन वर्षांत एकही रक्ततपासणी नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, 'गुण आहे ना? चालू राहू द्या.' मी गोळीच्या विरोधात नाही. पण ओसीडीत ही अशी वाढवून दिलेली गोळी पाच-दहा वर्षं घेतली तर काय होतं, याची कुणी नीट चाचणी केली आहे का? की ती चाचणी म्हणजे माझा भाऊच?

दवाबाजारचे_काका | मंगळवार, रात्री 11.52

ताई, आधी एक साधी गोष्ट. रिस्पेरिडोन अमेरिकेत 1993 साली मंजूर झालं ते स्किझोफ्रेनियासाठी. ओसीडीच्या गोळीवर वाढवून द्यायची अशी कुठलीच मनोविकाराची गोळी तिथल्या औषध प्रशासनानं ओसीडीच्या नावानं मंजूर केलेली नाही. देतात ती डॉक्टरच्या अभ्यासावर आणि अनुभवावर. त्यात बेकायदा काही नाही, जगभर चालतं. पण ज्या कारणासाठी मंजुरीच मागितलेली नाही, त्यासाठी कंपनी लांबची चाचणी कशाला करेल?

मी दवाबाजारात 25 वर्षं काउंटरवर काढली. या गोळीच्या पट्ट्या न्यायला लोक महिनोन्‌महिने यायचे. चिठ्ठीसोबत साखरेचा रिपोर्ट आणलेला माणूस मला आठवत नाही.

वनौषधी_प्रेमी | बुधवार, सकाळी 6.15

कशाला ही विषं शरीरात घालता? ब्राह्मी, शंखपुष्पी आणि पहाटेचं ध्यान. गोळ्या उद्यापासून

व्यवस्थापन | बुधवार, सकाळी 8.02

वरचा प्रतिसाद अर्धा काढला आहे. चालू औषध बंद करा असं कुणीही, कुणालाही इथं सांगायचं नाही.

तीनदा_कुलूप | बुधवार, दुपारी 1.30

मी बडोद्याचा. स्वतः पेशंट, 14 वर्षं झाली. भावाच्या वतीनं बोलतो.

माझ्याकडेही हीच गोळी होती, तीन वर्षं. वजन वाढलं ते दिसत होतं, त्यामुळे घरचे त्यावरच बोलायचे. जे दिसत नव्हतं ते मी कुणाला सांगितलं नाही. छातीला हात लावला की दुखायचं, थोडी सूज होती. आणि लग्न झालेल्या माणसानं जे सांगायला लाजावं तेही होतं. मी समजत होतो हा आजाराचाच भाग. दीड वर्षानं दुसऱ्या एका बाईंनी (डॉक्टर) सरळ विचारलं, 'छाती दुखते का? शरीरसंबंधात अडचण?' रक्तात प्रोलॅक्टिन (बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन, थोडं पुरुषांतही असतं) तपासलं, भरपूर वाढलेलं. या गोळीचा हा माहीत असलेला परिणाम आहे. फक्त कुणी विचारलं पाहिजे.

मग अरिपिप्राझोल, त्याच जातीची दुसरी गोळी, लावलं. प्रोलॅक्टिन खाली आलं, पण पाय जागेवर राहीनात. मांडव्याला सहलीला गेलो तर बसमधे उभाच. त्याला अकॅथिसिया म्हणतात. डोस निम्मा केल्यावर गेलं.

मधे एकदा शहाणपणा करून सगळं एकदम सोडलं होतं. सातव्या आठवड्यात मी रात्री अडीच वाजता अलकापुरीतल्या ऑफिसच्या शटरसमोर उभा होतो, कुलूप ओढून बघत.

आकडेमोडी | बुधवार, रात्री 10.05

माहेर इंदूरचं, रामबागेतलं. पुण्यात औषधांच्या चाचण्यांचे आकडे सांभाळायचं काम 11 वर्षं केलं. ताई, तुमचा शेवटचा प्रश्न झोंबला, कारण उत्तर बऱ्याच अंशी 'हो' असं आहे. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

दीर्घकाळ घ्यायचं नवं औषध बाजारात येण्याआधी किती लोकांवर किती दिवस बघितलेलं असावं, याचा एक आंतरराष्ट्रीय संकेत 1994 साली ठरला. एकूण साधारण 1500 माणसं, त्यातली 300 ते 600 सहा महिने, आणि पूर्ण एक वर्ष घेतलेली किमान 100. शंभर! आमच्या वाड्यात अनंत चतुर्दशीच्या आरतीला एवढी माणसं असायची.

आता या शंभरात एखादा त्रास एकालाही झाला नाही असं धरा. म्हणजे तो होतच नाही का? नाही. आकडेशास्त्रात 'तीनचा नियम' म्हणून एक ढोबळ हिशेब आहे. शून्य आढळलं तर तीनला माणसांच्या संख्येनं भागायचं. तीन भागिले शंभर, म्हणजे त्या त्रासाचं खरं प्रमाण 3 टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि तरी शंभरांत तो दिसणार नाही. 300 माणसं असतील तर 1 टक्क्यापर्यंत. शिवाय तिसऱ्या-चौथ्या वर्षी उगवणारा त्रास एका वर्षाच्या चाचणीत येणारच नाही, माणसं कितीही घ्या.

ओसीडीतल्या वाढीव औषधांच्या बहुतेक चाचण्या तर दोन-तीन महिन्यांच्याच. गुण येतो का, एवढंच त्यात कळतं. त्यापुढे कधी कधी 'खुली मुदतवाढ' करतात. पहिल्या टप्प्यात खरी गोळी कुणाला आणि खोटी (आत औषधच नसलेली) कुणाला हे कुणालाच ठाऊक नसतं. तो संपला की इच्छा असेल त्या सगळ्यांना खरी गोळी देतात आणि वर्षभर नुसता त्रास नोंदवत राहतात. 'लांबची सुरक्षितता तपासली' असं वाचाल तेव्हा बहुधा हेच असतं.

यात दोन फटी आहेत. खोट्या गोळीवाले उरत नाहीत, त्यामुळे वाढलेलं वजन गोळीचं की वयाचं, ताडून बघायला समोर कुणी नाही. दुसरी फट जास्त वाईट. ज्यांना सोसलं नाही ते पहिल्याच टप्प्यात निघून गेलेले असतात. सराफ्यात रात्री एक वाजता जी माणसं अजून खात उभी आहेत त्यांनाच विचारायचं, 'काय हो, तिखट झेपतं का?' सगळे हो म्हणणार. ज्यांना झेपलं नाही ते साडेदहालाच घरी गेले.

एकाआड_एक_नळ | बुधवार, रात्री 10.40

सराफ्याचं एकदम पटलं. पण रिस्पेरिडोन तर जुनं औषध आहे ना? तीस वर्षांत काहीतरी कळलं असेलच.

आकडेमोडी | बुधवार, रात्री 11.15

कळलंय, खूप कळलंय. पण कुणाच्या अंगावर, ते बघा. बहुतेक माहिती स्किझोफ्रेनियाच्या पेशंट्सची. त्यांचा डोस सहसा जास्त, आणि सोबत ओसीडीला देतात तसं सर्ट्रालिन 200 नाही. तुमच्या भावाचा डोस कमी, पण जोडी वेगळी. इकडचं तिकडे लावताना अंदाजच करावा लागतो.

ओसीडीतच बघितलेलं थोडंफार आहे. इटलीत 2003 साली एक छोटा अभ्यास आला. वाढीव गोळीनं गुण आलेल्या 18 जणांची ती गोळी काढून बघितली, मूळ गोळी चालू ठेवून. 18 पैकी 15 जणांचा आजार सहा महिन्यांच्या आत उलटला. बडोद्याच्या दादांच्या सातव्या आठवड्याशी जुळतं. अठरा म्हणजे फारच थोडे, पण म्हणूनच डॉक्टर काढायला कचरतात आणि गोळी राहून जाते. आठ आठवडे तपासलेलं औषध आठ वर्षं चालतं ते असं.

दवाबाजारचे_काका | गुरुवार, सकाळी 9.10

जोडीवरून आठवलं. ही खरोखरची जोडगोळी आहे, एकीचं दुसरीवाचून भागत नाही आणि पटतही नाही. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या दोन गोळ्या यकृतातल्या ज्या यंत्रणेला अडवतात, तीच रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोलची विल्हेवाट लावते. म्हणजे चिठ्ठीवर 2 मिलिग्रॅम लिहिलेलं, पण रक्तात जास्त औषध फिरतंय. सर्ट्रालिन त्या मानानं सौम्य, पण 200 ला तेही थोडं अडवतं. बडोद्याचे दादा, तुम्ही तेव्हा कशावर होतात?

तीनदा_कुलूप | गुरुवार, सकाळी 9.31

फ्लुओक्सेटिन 80. आत्ता कळलं पाय का नाचत होते ते.

कडुलिंब | गुरुवार, दुपारी 4.20

सगळं वाचलं. चाचण्या कमी झाल्या असं रडगाणं चाललंय आणि तेही इंदूरकरांपुढे! विसरलात का? 2010-11 मधे याच शहरात औषधचाचण्यांवरून केवढं रान उठलं होतं. पेशंटला नीट न सांगता चाचणीत घातल्याचे आरोप झाले, त्यात मनोरुग्णही होते. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचानं 2012 मधे सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका लावली. मोजायला माणसं हवीत म्हणता, पण ती माणसं कुठून येतात हेही मोजा. माझे एक काका तेव्हा दवाखान्यात होते, कुठल्या ते लिहीत नाही. त्यांच्या फायलीत इंग्रजी संमतीपत्र निघालं. काका सातवी पास, तेही मराठी शाळेत.

आकडेमोडी | गुरुवार, रात्री 9.48

विसरले नाही. मी त्याच धंद्यात होते आणि लाज वाटली होती. पण त्या भांडणातून काय मिळालं तेही सांगा ना. 2013 च्या सुरुवातीला चाचणीत इजा झाली तर भरपाई देण्याचे नियम आले. त्याच वर्षी न्यायालयानं संमती घेतानाचं चित्रीकरण करायला लावलं. पुढे 2019 चे नवे नियम आले. आज नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल गटातला माणूस घ्यायचा तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. गंभीर त्रास झाला तर 24 तासांत कळवावं लागतं, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट. 15 जून 2009 पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे. ती नोंदवही कुणीही उघडून बघू शकतं.

विचित्र वाटेल, पण चाचणीत असलेल्या माणसाचं वजन, रक्त, हृदयाचा आलेख, सगळं वेळच्या वेळी घेतलं जातं, कारण नाही घेतलं तर कागद अडतो. ताईंचा भाऊ चाचणीत नाही. म्हणून त्याचं दोन वर्षांत काहीच झालेलं नाही.

कडुलिंब | गुरुवार, रात्री 10.02

हे शेवटचं वाक्य मान्य. बाकी विश्वास हळूहळू येईल.

पोहे_जलेबी | गुरुवार, रात्री 10.30

भिया, मधेच एक शंका. अमेरिकेत ओसीडीवर वरून द्यायचं काहीतरी नवं निघालंय म्हणे, ट्रोरिलुझोल. त्याची वाट बघायची का?

आकडेमोडी | गुरुवार, रात्री 11.00

रिलुझोल नावाचं औषध 1995 पासून एएलएस या, स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशींच्या आजारात वापरतात. ट्रोरिलुझोल शरीरात गेल्यावर त्याचंच रिलुझोल होतं. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या ग्लूटामेट या रसायनावर काम करतं, म्हणजे रिस्पेरिडोनपेक्षा वाट वेगळी. पण ओसीडीतल्या पहिल्या मोठ्या चाचणीत 12 आठवड्यांच्या मुख्य कसोटीवर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, 2020 ची गोष्ट. नवं म्हणजे निर्धोक नव्हे, रिलुझोल घेणाऱ्यांनाही यकृत तपासत राहावं लागतं. वाट बघण्यात भावाची वर्षं घालवू नका.

ओपीडीतला | शुक्रवार, पहाटे 2.40

नाईट ड्यूटीवर आहे, तुकड्या-तुकड्यानं लिहितो. मनोविकारशास्त्रात निवासी डॉक्टर आहे. गाव सांगत नाही.

ताई, तुमच्या डॉक्टरांवर लगेच रागावू नका. आमच्या ओपीडीत सकाळी नऊ ते दोन दीडशे पेशंट असतात. टेबलाखाली वजनकाटा आहे, त्यावर फायली ठेवलेल्या असतात. (खरंच असतात.) पण तुम्ही मागितलंत तर कुठलाही बरा डॉक्टर नाही म्हणणार नाही.

काय मागायचं: 2004 साली अमेरिकेतल्या मधुमेहवाल्यांनी आणि मनोविकारवाल्यांनी मिळून एक वेळापत्रक ठरवलं, अजून तेच बहुतेक ठिकाणी धरतात. गोळी सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी. मग वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला, पुढे तीन महिन्यांनी. साखर आणि रक्तदाब बाराव्या आठवड्याला, मग दरवर्षी. कंबर वर्षातून एकदा. आपल्याकडच्या पुरुषांत कंबर 90 सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायचं, बायकांत 80. वजन आटोक्यात दिसणाऱ्या माणसाचं पोट सुटलेलं असतं, म्हणून टेप लावायचीच. प्रोलॅक्टिन सरसकट नाही, वर दादांनी लिहिलेत तसे त्रास असतील तर. ते प्रश्न एकट्यात विचारायला सांगा, तुम्ही खोलीत असताना तो बोलणार नाही.

सगळ्यात विसरली जाते ती हालचालींची तपासणी. ही औषधं लांब चालली की काहींना तोंडाच्या, जिभेच्या, बोटांच्या नकळत हालचाली सुरू होतात. उशिरा ओळखल्या तर गोळी बंद करूनही राहू शकतात. तपासायला यंत्र लागत नाही. तोंड उघडायला लावायचं, जीभ बाहेर काढायला, अंगठ्यावर एकेक बोट आपटायला, उठून चालायला. आम्ही बारा प्रश्नांचा एक तक्ता भरतो, AIMS म्हणतात त्याला (दिल्लीचं एम्स हॉस्पिटल नव्हे), पाच-दहा मिनिटांचं काम. सहा महिन्यांतून एकदा पुरे. अरिपिप्राझोलवर असाल तर आणखी एक, जुगार, खरेदी, खाणं यांचा आवर सुटतोय का. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2016 मधे त्याचा इशारा दिला आहे.

आणि एक मुद्दा जो धाग्यात कुणीच काढला नाही. 2013 साली अमेरिकेत 100 पेशंटवर एक अभ्यास झाला. मूळ गोळी सगळ्यांची चालू. वरून 40 जणांना रिस्पेरिडोन, 20 जणांना खोटी गोळी, आणि 40 जणांना औषध नाहीच, तर एक्सपोजरची थेरपी (ज्याची भीती त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि तपासणं-धुणं करायचं नाही), आठवड्यातून दोनदा, एकूण 17 सत्रं. आठ आठवड्यांनी थोडाफार गुण आलेले: रिस्पेरिडोन 23 टक्के, खोटी गोळी 15, थेरपी 80. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा उलटा छापलाय की काय म्हणून परत बघितलं. भावाची थेरपी झाली आहे का?

एकाआड_एक_नळ | शुक्रवार, सकाळी 7.50

झाली नाही. 'समुपदेशन' म्हणून चार वेळा गेलो होतो. तिथं त्याला सांगितलं, मन दुसरीकडे वळव. डॉक्टर, मनापासून आभार. आज शेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि वजनकाटा मागवला. वही केली आहे. रोज सकाळी वजन, रोज जीभ, रोज बोटं.

तीनदा_कुलूप | शुक्रवार, सकाळी 8.05

ताई, रोज नको. प्लीज.

एकाआड_एक_नळ | शुक्रवार, सकाळी 8.07

का? जास्त बघितलं तर लवकर कळेल ना?

तीनदा_कुलूप | शुक्रवार, सकाळी 8.40

ऑफिसात आहे, पण हे लिहिल्याशिवाय राहवणार नाही. तुम्ही ज्याला काळजी म्हणता तो आमचा आजार आहे. मला त्या हालचालींबद्दल कळलं तेव्हा मी चार महिने आरशासमोर जीभ बघत होतो. दिवसातून चाळीस वेळा. बायकोला विचारायचो, 'हलली का?' ती म्हणायची नाही. पाच मिनिटं बरं वाटायचं. परत विचारायचो. गोळीनं काही केलं नव्हतं, गोळीच्या भीतीनं केलं. गॅसचा कॉक आणि जीभ यांत माझ्या डोक्याला काही फरक नाही.

तुम्ही रोज काटा काढाल, तो दिवसातून नऊ वेळा चढेल.

ओपीडीतला | शुक्रवार, दुपारी 3.15

झोपेतून उठून वाचलं. दादांनी लिहिलंय ते माझ्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही, पण तंतोतंत आहे. मी वेळापत्रक दिलं तेव्हा याचा विचार केला नव्हता, हे कबूल.

मग असं करा. तारखा कॅलेंडरवर आधीच ठरलेल्या. त्या तारखेला मोजायचं, मधल्या दिवशी कुणी विचारलं तरी नाही. जीभ आणि बोटं घरच्यांनी बघायचीच नाहीत, ती डॉक्टर बघतील, सहा महिन्यांनी. मधे त्यानं 'मला काही होतंय का' विचारलं तर 'नाही' म्हणू नका आणि 'हो'ही म्हणू नका. 'ते अमुक तारखेला बघू' एवढंच. उपाशीपोटीची साखर आणि वजन मात्र चुकवू नका. अपवाद खऱ्या नव्या त्रासाचा: ताप आणि अंग ताठरणं, चक्कर येऊन पडणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. त्याला तारीख नसते, तडक दवाखान्यात जायचं.

दवाबाजारचे_काका | शुक्रवार, संध्याकाळी 6.30

दोन नंबर लिहून ठेवा. औषधाचा त्रास वाटला तर पेशंट स्वतःही कळवू शकतो, 1800-180-3024, सरकारी आहे, फुकट. कळवणाऱ्यानं ते सिद्ध करून द्यायचं नसतं, शंका पुरते. आकडेमोडी ताईंच्या त्या शंभरातल्या फटी अशाच बुजतात. आणि मन फार खचलं तर टेलिमानस, 14416, दिवसरात्र चालू.

एकाआड_एक_नळ | शुक्रवार, रात्री 11.30

दादांचं बरोबर निघालं. काटा दुपारी चारला आला. सात वाजेपर्यंत तो सहा वेळा चढला होता. मी काटा शेजारच्या काकूंकडे ठेवून आले. त्यांना वाटतंय मी वजन कमी करतेय, वाटू दे.

एकाआड_एक_नळ | सहा आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी 9.15

धागा वर काढतेय, माफ करा. पोहे खाऊन झालेत, निवांत आहे.

डॉक्टरांकडे कागद घेऊन गेले. आधी कपाळावर आठी आली. मग त्यांनी वेळापत्रक वाचलं आणि म्हणाले, 'हे सुरुवातीलाच करायला हवं होतं.' एवढं म्हणाले, मला पुरलं. उपाशीपोटी साखर 108 निघाली. मधुमेह नाही, पण वेशीवर. कंबर 96. हालचालींचा तक्ता त्यांनी स्वतः भरला, सगळीकडे शून्य. प्रोलॅक्टिन तपासलं की नाही ते मला माहीत नाही, कारण मला बाहेर बसवलं होतं. चांगलं झालं.

गोळी 2 वरून दीडवर आणली आहे, एकदम नाही, पुढचं बघून. इंदूरात एक्सपोजर नीट करणारं कुणी शोधायला तीन आठवडे गेले. शेवटी आठवड्यातून एक प्रत्यक्ष आणि एक व्हिडिओवर असं जमलं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला स्कूटर घेऊन राजवाड्याच्या गर्दीतून जायला लावलं आणि परत मागे बघायला बंदी. मी घरी देवापुढे बसले होते. तो पाऊण तासात आला, घामानं निथळत. मी विचारणार होते, कुणाला लागलं तर नाही ना. जीभ चावली.

येल-ब्राऊन पुन्हा भरलेलं नाही. तारीख ठरली आहे.

तीनदा_कुलूप | रविवार, सकाळी 9.40

पहिले तीन-चार आठवडे वाढल्यासारखं वाटेल. माझं वाढलं होतं. घाबरून गोळी परत चढवू नका, आधी बाईंशी बोला.

कडुलिंब | रविवार, सकाळी 10.20

त्या डॉक्टरांचं वाक्य आवडलं. काकांच्या डॉक्टरांकडून ऐकायला मिळालं नाही.

परत_मागे_नाही | रविवार, रात्री 8.05

मी तो भाऊ. नवीन खातं काढलंय. ताईनं दाखवला नव्हता, मीच शोधला हा धागा. दोन तास लागले वाचायला, कारण प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला नाही, बाईंनी तेवढंच चालेल म्हटलंय.

बडोद्याचे दादा, जीभ मीही बघत होतो. ताईला माहीत नव्हतं. आता बघत नाही, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा बघतो.

काका, तुमच्या नंबरवर मी वजनाचं कळवलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. हसल्या नाहीत.

ताई, वही मला दे. तारखेला मी लिहीन. काटा काकूंकडेच राहू दे. आणि शेवेचा डबा खाली घे, मी स्टूल लावून काढतोच आहे.

एकाआड_एक_नळ | रविवार, रात्री 8.12

वही तुझ्या टेबलावर ठेवली. पुढची तारीख कुठली लिहिली आहेस?

परत_मागे_नाही | रविवार, रात्री 8.13

ते तारखेला बघू.